रब्बीची दाढी

रविकांतराव देवस्थळींनी दाढी वाढवायला घेतली तेव्हा नाटकाच्या भूमिका अजून वाटल्या गेल्या नव्हत्या. त्यांच्या मते वाटायचं काही उरलंच नव्हतं. कुवेतमधल्या आमच्या मंडळाचं नाटक म्हणजे मुख्य भूमिकेत रविकांतराव, हे इतकी वर्षं चाललं होतं की त्याला कुणी नियम म्हणत नसे आणि कुणी मोडतही नसे. त्यात यंदाची एकांकिका खुद्द त्यांच्या बायकोनं, सुहासिनीनं लिहिली होती. घरचंच कार्य म्हटल्यावर नवरदेव कोण हे कशाला विचारायचं?

सुहासिनी लिहिते हेच मुळात मंडळाला नवीन होतं. आजवर तिनं कपड्यांना इस्त्री केली होती, तालमीला पोहे केले होते आणि नवऱ्याची भाषणं पाठ करून घेतली होती. तिची गोष्ट अशी होती. महायुद्ध संपलंय. छळछावण्यांतून जिवंत सुटलेले ज्यू लोक आता निर्वासितांच्या एका छावणीत राहताहेत आणि ती छावणी अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आहे. बायको आणि मुलं गमावलेला एक रब्बी, म्हणजे ज्यूंचा धर्मगुरू, छावणीची पाहणी करायला आलेल्या जनरलसमोर उभा राहतो. जनरल विचारतो, तुम्हाला काय हवंय? एवढंच नाटक.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं हे शेतीवरचं नाटक आहे का, अशी चौकशी केली. दुसऱ्याला काळजी वाटली, की या देशात हा विषय चालेल का. शेवटी ठरलं की पोस्टर नाही, फेसबुक नाही, फक्त सभासद, आणि प्रयोग सलवा भागातल्या एका सभासदाच्या व्हिलाच्या तळघरात. तिथं आमचे गणपतीही बसतात आणि हळदीकुंकूही होतं. रब्बीचीही सोय होण्यासारखी होती.

रविकांतरावांची दाढी मात्र फुकट वाढत नव्हती. ते पेट्रोकेमिकलच्या कारखान्यात सीनियर इंजिनीअर. विषारी वायूची भीती असलेल्या जागी तोंडावर मास्क लावावा लागतो, आणि दाढी असली की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. म्हणून प्लँटमध्ये दाढीवाल्याला प्रवेश नाही. तिथला सेफ्टी ऑफिसर सर्फराज त्यांना अदबीनं म्हणाला की साहेब, एक तर वस्तरा लावा नाही तर ऑफिसात बसा. रविकांतरावांनी ठोकून दिलं की आपलं व्रत आहे. सर्फराज धर्माच्या बाबतीत कुणाला दुखवणारा नव्हता. त्यानं त्यांचा प्लँटचा पास काढून घेतला आणि व्रताला शुभेच्छा दिल्या. सहा आठवडे रविकांतराव खुर्चीत बसून हनुवटी कुरवाळत होते. दाढी पांढरी, दाट आणि खरोखर सुंदर आली होती.

भूमिका वाटायला सगळे त्यांच्या बनेद अल-गारच्या फ्लॅटवर जमले. सुहासिनीनं सगळ्यांना चहा दिला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. रब्बी आलोक करेल. जनरल रविकांत करतील.

आलोक म्हणजे नाशिकचा, चौतिशीतला शिफ्ट इंजिनीअर. रविकांतरावांच्याच कंपनीत दोन वर्षांपूर्वी लागलेला. मंडळात त्यानं आजवर फक्त खुर्च्या लावल्या होत्या. त्याची गुळगुळीत हनुवटी पाहून रविकांतराव हसले. त्यांना वाटलं बायको गंमत करतेय.

"आणि तुमची दाढी काढावी लागेल," सुहासिनी म्हणाली. "अमेरिकन जनरल दाढी ठेवत नसत."

खोलीत कुणी हसलं नाही. त्यामुळे जास्तच लागलं.

पाहुणे गेल्यावर त्यांनी तिला विचारलं की हा काय प्रकार आहे. आवाज चढवला नाही, पण तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेल अशा स्वरात विचारलं. आपण मे महिन्यात रिटायर होऊन पुण्याला चाललो, हे शेवटचं नाटक, आणि त्यात आपण काय करायचं तर टोपी घालून उभं राहायचं? जनरलला वाक्यं किती? मोजून एका पानात मावतील. उरलेला वेळ त्यानं काय करायचं?

"ऐकायचं," सुहासिनी कप उचलत म्हणाली. "तीस वर्षं तुम्हाला बोलताना बघितलंय. एकदा ऐकताना बघायचंय."

रविकांतरावांनी यातलं तीस वर्षांचं वाक्य तेवढं ऐकलं आणि ती आपल्याला कंटाळली असा अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. वस्तरा फिरवताना गालापेक्षा पोटात जास्त आग होत होती. सर्फराजनं व्रत सुफळ झालं का विचारलं तेव्हा ते त्याच्यावर खेकसले.

आता खरं सांगायचं तर आलोक वाईट नट असता तर रविकांतरावांचं सगळं दुखणं आठवड्यात बरं झालं असतं. पण तो चांगला निघाला. आवाज लहान, हातवारे नाहीत, उभा राहिला की उभाच. पहिल्या तालमीला रविकांतरावांनी त्याला शब्दफेकीवर वीस मिनिटं शिकवलं. त्यानं "हो दादा, हो दादा" म्हणत सगळं ऐकून घेतलं आणि परत आपल्याच पद्धतीनं वाक्य म्हटलं. ते वाक्य बरोबर आलं. 'दादा' हा शब्द रविकांतरावांना तेव्हापासून सहन होईना.

त्याहून असह्य होतं ते दुसरंच. आलोक सुहासिनीला प्रश्न विचारायचा. हा माणूस बसत का नाही, जनरल खुर्ची देतो तरी? त्याला राग आलाय की तो थकलाय? आणि ती उत्तरं द्यायची. बाल्कनीत उभं राहून, समोरच्या समुद्राकडे हात करत, भरभरून. स्वतःच्या घरात आपल्या बायकोचा इतका बोलका आवाज रविकांतराव बऱ्याच वर्षांनी ऐकत होते, आणि तोही दुसऱ्याशी बोलताना. ते स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि तिथंच उभे राहिले. पाणी पिऊन झालं तरी ग्लास हातातच होता.

आलोक विचारत होता की वहिनी, रब्बीचं मागणं तुम्हाला सुचलं कसं? कारण नाटकात जनरल पीठ देऊ करतो, ब्लँकेटं, औषधं, दूरच्या देशात जायची कागदपत्रं देऊ करतो. रब्बी यातलं काही मागत नाही. तो म्हणतो, शनिवारी आमची हजेरी घेऊ नका. छळछावणीत आम्हाला रोज सकाळ-संध्याकाळ उभं करून मोजत होते. तुम्हीही मोजता. तुमचा हेतू चांगला आहे, ब्रेड सगळ्यांना पुरला पाहिजे म्हणून तुम्ही मोजता. पण आमच्या विश्रांतीच्या दिवशी, एक दिवस, आम्हाला कुणी मोजू नये.

सुहासिनी सांगत होती की तिचं माहेर रेवदंड्याचं. शेजारी आवासकर होते, घाण्यावर तेल गाळणारे. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी बोलणारे, आपल्यासारखेच, फक्त ज्यू. त्यांच्या घरची सारामावशी शनिवारी ओटीवर नुसती बसून असायची, हात मांडीवर ठेवून. चूलसुद्धा पेटवायची नाही. लहानग्या सुहासिनीनं एकदा विचारलं की मावशे, तुला आज काम नाय? ती म्हणाली, "काम हाय गो. पण आज मला कोण सांगू शकत नाय."

"माझी आई तेव्हा आत धुणी बडवत होती," सुहासिनी आलोकला म्हणाली. "मला त्या दिवशी सारामावशीचा इतका हेवा वाटला. अजून वाटतो."

रविकांतरावांना वाटलं, हे आपल्याला हिनं कधीच सांगितलं नाही. लग्नाची बायको, आणि गोष्ट सांगते नाशिकच्या पोराला. संध्याकाळी त्यांनी तसं बोलून दाखवलं. तिनं फार शांतपणे उत्तर दिलं की सांगितलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, रेवदंड्याच्या त्याच ओटीवर. तुम्ही तेव्हा मला तुमचं कॉलेजातलं नाटक करून दाखवत होतात.

मत्सराची गंमत अशी की त्याला पुरावा लागत नाही आणि उत्तर मिळालं तरी तो कमी होत नाही. बायकोचं आणि आलोकचं तसलं काही आहे, असं रविकांतरावांना क्षणभरही वाटलं नाही. तसलं असतं तर निदान भांडता आलं असतं. इथं चोरीला गेलं होतं ते काय, हेच धड सांगता येत नव्हतं. घरातली एक जागा होती, ते कधी तिथं बसले नव्हते, आणि आता तिथं दुसरा कुणी बसलेला दिसला तेव्हा ती आपली होती असं त्यांना आठवलं.

गणवेशानं उरलीसुरली कसर काढली. हवल्लीच्या मुनव्वर टेलरनं तो इमानेइतबारे शिवला होता, पण कापड मॉलच्या सिक्युरिटी गार्डचं होतं. आरशात जनरल कमी आणि पार्किंगची पावती मागणारा माणूस जास्त दिसत होता.

आलोक प्लँटवर मास्क लावणारा, तेव्हा त्याला खरी दाढी वाढवणं शक्य नव्हतं. खोटी लावायची होती. आणि मंडळात रंगभूषा नेहमी रविकांतरावच करत. पुण्याहून आणलेली त्यांची पत्र्याची पेटी होती, तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा दंडक. दाढी चिकटवायचा गम त्या पेटीत होता, पण तो जुना. इथल्या उन्हात बाटली इतक्या वेळा तापली होती की त्यातला चिकटपणा केव्हाच गेला होता. सुहासिनीनं आदल्या आठवड्यात हवल्लीतून नवीन बाटली आणली आणि स्वतः त्यांच्या हातात दिली. पेटीत ठेवा म्हणाली. त्यांनी ठेवली.

प्रयोगाच्या शुक्रवारी दुपारी त्यांनी ती पेटीतून काढली आणि गणवेशाच्या खिशात टाकली.

असं करायचं त्यांनी ठरवलं होतं का? ते म्हणतील, नाही. हात आपोआप गेला म्हणतील. तळघरात आलोक त्यांच्यासमोर स्टुलावर बसला, डोळे मिटून, चेहरा वर करून. त्यांनी जुन्या बाटलीचं निळं झाकण उघडलं, ब्रश बुडवला आणि त्याच्या गालावर अगदी प्रेमानं फिरवला. दाढी बसली. वीस मिनिटं बसेल, पंचवीस बसेल. घाम आला की सुटेल. लोक हसतील, पोराचा बावळटपणा उघडा पडेल, आणि मग मंडळाला कळेल की मुख्य भूमिका म्हणजे खुर्च्या लावणं नव्हे. एवढंच त्यांना हवं होतं. नाटक कुणाचं आहे, हा विचार त्यांच्या डोक्यात आला होता, नाही असं नाही. त्यांनी तो बाजूला सारला.

सुहासिनी मेकअपच्या टेबलाजवळ आली. टेबलावर निळ्या झाकणाची बाटली होती. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. थोड्या वेळानं ती आलोकला कोपऱ्यात घेऊन काहीतरी सांगत होती, आणि रविकांतरावांनी त्या कुजबुजण्याचाही हेवा केला.

नारळ फुटला. नटराजाच्या फोटोला हार घातला गेला. आमच्याकडे रिवाज आहे की रंगमंचावर पहिल्यांदा मोठी भूमिका करणारा, रंगभूषा करणाऱ्याच्या पाया पडतो. आलोक काळा डगला सावरत वाकला. एक हात पायांना लावला आणि दुसरा दाढीला धरला, तीही खाली पडू नये म्हणून. रविकांतरावांनी "यशस्वी भव" म्हटलं. खिशातली बाटली छातीला टोचत होती. पडद्याच्या कडेला सुहासिनी उभी होती आणि त्यांच्याकडेच बघत होती. ती तिसऱ्या घंटेपर्यंत तशीच बघत राहिली.

नाटक चांगलं चाललं. रविकांतरावांनी पीठ देऊ केलं, ब्लँकेटं देऊ केली, आणि एका पानातली वाक्यं दोन पानांच्या आवाजात म्हटली. तळघरात एसी बेताचाच होता. रब्बीनं मागणं मागितलं. आम्हाला शनिवारी मोजू नका. जनरल नाही म्हणतो, शिस्त मोडेल म्हणतो. रब्बीच्या उजव्या कानाखाली दाढी सुटली होती. रविकांतराव तिकडेच बघत होते. मग ती गालावरून अलगद निघाली आणि हनुवटीवर लोंबायला लागली.

पहिल्या रांगेत आलोकची सात वर्षांची मुलगी ओवी बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, युअर बिअर्ड इज फॉलिंग."

लोक हसले. सगळे नाही, पण पुरेसे. रविकांतरावांच्या मनात एक गोड कळ उठली आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

आलोक गडबडला नाही. त्यानं वर हात नेला आणि उरलेली दाढी ओढून काढली. हातात घेतली. गालावर गमाचे लाल चट्टे उठले होते. हसू आपोआप विरलं. तो जनरलकडे बघत त्याच लहान आवाजात म्हणाला,

"ही त्यांनी ओढून काढली, साहेब. तेही असेच गणवेशात होते. आणि तेव्हाही बघणारे हसले होते."

हे वाक्य संहितेत नव्हतं. पुढचं वाक्य जनरलचं होतं आणि रविकांतरावांना ते आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा रंगमंचावर त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं. समोर एक माणूस उघड्या हनुवटीनं उभा होता, हातात आपलीच दाढी धरून, आणि तो त्यांच्याकडे उत्तराची वाट बघत होता. त्याचं मागणं त्यांच्या कानात आता पोचलं. एक दिवस. एकच. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. का काढली त्यांना माहीत नाही. विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य पुटपुटत होता, तेही त्यांना ऐकू आलं नाही. फार वेळानं ते म्हणाले, "शनिवारी नाही मोजणार." तसं हळू बोलणं त्यांनी कधी केलं नव्हतं.

पडदा पडल्यावर लोक उठून उभे राहिले. सगळे आलोककडे धावले. अरे, ते दाढीचं काय केलंस, काय जागा शोधलीस, आधीच ठरवलं होतं ना? रविकांतरावांच्या पाठीवर दोघातिघांनी थाप मारली आणि टोपी काढली ते छान होतं म्हणाले. गाडीत, फिफ्थ रिंग रोडवर, घरी, फोनवर फोन येत राहिले आणि प्रत्येकाच्या तोंडी ती दाढी. रविकांतरावांचा जीव आता वेगळ्याच तऱ्हेनं जळत होता. सगळ्या नाटकातला सर्वात गाजलेला क्षण त्यांच्या हातानं घडला होता आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

शनिवारी सकाळी ते उठले तेव्हा चहा झालेला नव्हता. सुहासिनी बाल्कनीत खुर्चीवर बसली होती, समुद्राकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून. ते तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. रात्रभर दाबून ठेवलेलं त्यांच्याच्यानं आता दाबवेना, आणि ते पश्चात्तापानं बोलले की श्रेयाच्या हव्यासानं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ती दाढी माझ्यामुळे पडली," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"म्हणजे आलोकनं काही केलं नाही. वाक्य बरं सुचलं त्याला, एवढंच."

"त्याला नाही सुचलं." ती समुद्राकडेच बघत होती. "निळं झाकण बघितल्यावर मी त्याला सांगितलं. पडली तर हे म्हण."

रविकांतराव बाल्कनीच्या कठड्याला धरून उभे राहिले. नवीन बाटली आणखी एक आणता आली असती, ते म्हणाले. तू मला तिथंच विचारायचं होतंस.

"तुमच्या खिशात होती. दिसत होती वरून." सुहासिनी म्हणाली. "तिसऱ्या घंटेपर्यंत थांबले होते मी. वाटलं, काढाल. त्याला बोलवाल, परत नीट चिकटवून द्याल. ते वाक्य वाया जावं असं मला फार वाटत होतं हो. मी लिहिलेलं सगळ्यात चांगलं वाक्य, आणि ते वाया जावं म्हणून देवाला सांगत होते."

रविकांतरावांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे स्पष्टीकरणं बरीच होती. प्लँटचा पास, सहा आठवड्यांची दाढी, शेवटचं नाटक, सगळ्यांसमोर झालेला अपमान. प्रत्येकाला चांगली सुरुवात होती आणि चांगला शेवट.

सुहासिनीनं मांडीवरचा एक हात किंचित वर केला.

"आज शनिवार आहे," ती म्हणाली.

ते आत गेले. चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा कुठं असतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दोनतीन कपाटं उघडली, बाल्कनीकडे तोंड करून हाक मारायला श्वास घेतला, आणि श्वास सोडून दिला. चहा तसाच गाळला. दोन कप घेऊन बाहेर आले, एक तिच्या हातात दिला आणि शेजारच्या खुर्चीवर बसले. तिनं घोट घेतला. परत घेतला.

कसा झालाय, हे विचारायची त्यांना फार इच्छा होती. त्यांनी विचारलं नाही.